फोर बाय फोरसाठी टायर निवडताना : माप, कायदा आणि पाच चाकांचे पूर्ण बिल

थार, जिम्नी, गुरखा किंवा स्कॉर्पिओ-एन दारात आली की पहिल्या काही महिन्यांतच टायर बदलण्याचा विषय निघतो. दुकानदार जो दर सांगतो तो एका टायरचा असतो. तुमच्या खिशातून जातात ते मात्र पाच टायर, कदाचित पाच रिम, फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि चुकीचे माप निवडले तर सस्पेन्शनचेही पैसे. म्हणून दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी ठरवा: गाडी बहुतेक वेळ कुठे चालणार, कंपनीने तुमच्या मॉडेलला कोणती मापे दिली आहेत आणि पाच चाकांचा एकूण खर्च किती.

घाई असेल तर एवढे लक्षात ठेवा. ऑफ-रोडसाठी रिम लहान आणि टायरची बाजू उंच असावी. टायरचा एकूण व्यास कंपनीच्या मापापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त बदलू नये. आणि खरेदी नेहमी पाच चाकांची धरावी.

घरून निघण्याआधी

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. आतल्या खांबावर स्टिकर असतो. त्यावर टायरचे माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत त्या मॉडेलची मान्य मापे आणि रिमची रुंदी असते, त्या पानाचाही फोटो घ्या. सोबत ठेवा: आरसी, विमा पॉलिसी, वॉरंटीची कागदपत्रे.

आता टायरवरचे आकडे वाचा. उदाहरणार्थ, २५५/६५ आर१८ ११० टी. २५५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १८ हा इंचांत रिमचा व्यास. ११० हा भार निर्देशांक, म्हणजे एक टायर १०६० किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. क्यू असेल तर १६०, एस असेल तर १८०. नवा टायर घेताना भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. दुकानदार 'एवढ्याने काय फरक पडतो' म्हणाला तरी तो टायर घेऊ नका.

कंपनीची मापे

२०२० नंतरच्या तीन दारी थारला २५५/६५ आर१८ किंवा, व्हेरियंटनुसार, २४५/७५ आर१६. थार रॉक्सला २५५/६५ आर१८, वरच्या व्हेरियंटला २५५/६० आर१९. जिम्नीला १९५/८० आर१५. स्कॉर्पिओ-एनला २४५/६५ आर१७ किंवा २५५/६० आर१८. गुरखाला २०२१च्या मॉडेलमध्ये २४५/७० आर१६, २०२४च्या मॉडेलमध्ये २५५/६५ आर१८. तुमच्या गाडीवरचा स्टिकर वेगळे सांगत असेल तर स्टिकरचे माप धरा.

तीन टक्क्यांचा हिशेब

रुंदीला बाजूच्या टक्क्याने गुणा, दुप्पट करा, त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. थारचा २५५/६५ आर१८ असा येतो ७८९ मिलिमीटर. २४५/७५ आर१६ येतो ७७४. फरक २ टक्क्यांच्या आत, आणि दोन्ही मापे कंपनीचीच.

आता सर्वाधिक मागणीची मोठी मापे तपासा. २६५/७० आर१७ म्हणजे ८०३ मिलिमीटर. १८ इंची थारपेक्षा १.८ टक्के मोठा, हिशेबात बसतो. २८५/७० आर१७ म्हणजे ८३१ मिलिमीटर, ५.३ टक्के मोठा. हा बसवला की स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ ने धावत असते. जमिनीपासूनची उंची वाढते ती फक्त २१ मिलिमीटर, कारण व्यास कितीही वाढला तरी उंचीत निम्माच मिळतो. त्या २१ मिलिमीटरसाठी पिकअप, मायलेज, ब्रेक आणि स्टीअरिंग, सगळ्यांवर ताण येतो.

जिम्नीचा १९५/८० आर१५ आहे ६९३ मिलिमीटर. २१५/७५ आर१५ येतो ७०४, फरक दीड टक्का. हे बोलेरोचे माप असल्याने तालुक्याच्या गावातही मिळते आणि जिम्नीच्या साडेपाच इंची मूळ रिमवर बसते. २३५/७५ आर१५ मात्र ७३४ होतो, जवळजवळ ६ टक्के मोठा, आणि त्याला किमान ६ इंच रुंद रिम लागते. तो मूळ रिमवर 'बसवून देतो' म्हणणाऱ्या दुकानातून परत फिरा. अरुंद रिमवर रुंद टायरची कड नीट बसत नाही, आणि हवा कमी केली की तो रिमवरून उतरण्याचा धोका वाढतो.

एचटी, एटी की एमटी?

एचटी टायर डांबरासाठी. एटी दोन्हीकडे चालतो. एमटी चिखलासाठी, मोठ्या गोट्यांचा.

तुमचे ८० टक्के फिरणे शहर आणि महामार्गावर असेल, महिन्यातून एखादी घाटवाट किंवा शेतरस्ता असेल, तर एटी पुरेसा आहे. कोकणातला जांभ्याचा रस्ता, सह्याद्रीतली दगडी वाट, नदीपात्रातले गोटे, सगळीकडे चांगला एटी टायर योग्य हवेवर काम करतो. एमटीची खरी गरज मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात रोज जाणाऱ्याला. ती माती एटीच्या नक्षीत भरून बसते. एमटीच्या रुंद फटी ती फिरताना बाहेर फेकतात.

एमटीची किंमत दर किलोमीटरला मोजावी लागते. आवाज मोठा. झीज लवकर. मायलेज कमी. ओल्या डांबरावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. मुंबई-पुणे रस्त्यावर पावसात नेहमी ये-जा असेल आणि मागे मुले बसत असतील, तर एमटी घेऊ नका.

रिम : लहान चांगली

मोठ्या रिमवर टायरची बाजू बुटकी राहते. दगडावर आपटली की रिमला थेट मार बसतो, टायरच्या बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही. म्हणून ऑफ-रोडसाठी १८ वरून १६ किंवा १७ वर उतरणे शहाणपणाचे, २० वर चढणे नाही. रिम लहान करण्याआधी ती ब्रेकच्या कॅलिपरला न घासता फिरते का, हे बसवून बघा.

रिम घेताना पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत: नटांची संख्या आणि वर्तुळ (जिम्नीचे ५ नट, १३९.७ मिलिमीटर), मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट, रुंदी आणि भारक्षमता. ऑफसेट चुकला की चाक मडगार्डबाहेर येते, बेअरिंग लवकर जाते आणि चिखल थेट दरवाज्यावर उडतो. मधले भोक मोठे असेल तर मापाची रिंग मागा. नाहीतर बॅलन्सिंग करूनही स्टीअरिंग थरथरते. स्पेसर लावून चाक बाहेर काढणे पूर्णपणे टाळा.

स्टीलची रिम वजनाने जड, पण वाकली तर गावातल्या कारागिराकडे सरळ होते. अलॉय हलकी, पण तडा गेला की बदलावीच लागते. वेल्डिंग केलेली अलॉय पुन्हा गाडीला लावू नका.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटचे माप सगळ्यात सुरक्षित. मडगार्डबाहेर आलेली चाके आणि लिफ्ट किट लांबूनच नजरेत भरतात.

'मोठे टायर आरटीओत पास करून देतो, वर एवढे द्या' असे सांगणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. लेखी पूर्वपरवानगीशिवाय दिलेले ते पैसे तुमच्या कामाचे नाहीत.

विम्याचे तीन मुद्दे. एक, साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत फक्त टायर फुटला तर भरपाई नाही. अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरचे ५० टक्केच मिळतात. दोन, बाहेरून घेतलेल्या अलॉय पॉलिसीत नॉन-इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून बिलासह नोंदवा. हप्ता थोडा वाढतो, पण नोंद नसेल तर चोरी झाल्यावर हातात काही येत नाही. तीन, मान्य नसलेल्या मापामुळे अपघाताचा दावा अडू शकतो. विमा कंपनीला आधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या. गाडीच्या वॉरंटीचेही तसेच: स्टीअरिंग, बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा दावा नाकारायला चुकीचे माप पुरेसे ठरते.

पाच चाकांचे पूर्ण बिल

खालचे आकडे करांसह अंदाजे आहेत. ब्रँड आणि शहर बदलले की दर बदलतो, म्हणून किमान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोटार टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. कोटेशनमध्ये अजून २८ टक्के दिसत असेल तर तिथेच थांबा.

जिम्नी, मूळ रिम, २१५/७५ आर१५ एटी: टायर ७,००० ते ९,५०० रुपये. पाचचे ३५,००० ते ४७,५००. फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट धरून एकूण ३७,००० ते ५१,०००.

थार, मूळ रिम, २५५/६५ आर१८ एटी: टायर ११,००० ते १६,०००. एकूण ५८,००० ते ८३,०००. सिएट, अपोलो, एमआरएफ, जेके यांच्या एटी टायरपासून योकोहामापर्यंत बराच पर्याय आहे; तुमच्या मापात सध्या काय मिळते ते विचारून घ्या.

थार, १८ वरून १६ इंच, २४५/७५ आर१६ एटी आणि स्टील रिम: टायर ९,५०० ते १४,०००, रिम ३,५०० ते ५,०००. एकूण ६८,००० ते ९८,०००. काढलेला १८ इंची संच कमी चाललेला असेल तर त्याची चांगली रक्कम परत येते.

थार, २८५/७० आर१७ एमटी, नव्या अलॉय आणि लिफ्ट किट: पावणेदोन ते सव्वातीन लाख. वर कायद्याची आणि विम्याची जोखीम. या पैशात एटीचे दोन पूर्ण संच, कॉम्प्रेसर आणि ओढदोरीचे सामान येऊन पैसे उरतात.

बिलात न दिसणारे खर्च

स्टेपनी. चारच टायर बदलायचा सल्ला मिळेल, कारण त्याने कोटेशन लहान दिसते. तो मानू नका. थार आणि जिम्नीची फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे. ४एच लावला की पुढची आणि मागची चाके एकाच गतीने बांधली जातात. वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून ४एच मध्ये गाडी चालवली तर ट्रान्सफर केसवर ताण येतो. तिथली दुरुस्ती पाचव्या टायरपेक्षा कितीतरी महाग.

स्टेपनीची जागा. थार आणि जिम्नीत ती मागच्या दारावर. जड चाकाने दाराचे बिजागर सैल होते, मोठे चाक बंपरला टेकते. स्कॉर्पिओ-एनची स्टेपनी गाडीखाली. तिथे मोठे चाक मावते का, ते आधी मोजा.

नट. नव्या अलॉयला वेगळ्या आकाराचे नट लागू शकतात. संचाचे दीड ते तीन हजार. स्टेपनीसाठी जुने नट लागणार असतील तर ते गाडीतच ठेवा.

बॅलन्सिंगची वजने. काही दुकाने बॅलन्सिंगचा दर कमी सांगतात आणि वजने ग्रॅमवर लावतात. 'वजनांसह किती?' असे विचारा.

नायट्रोजन. ऑफ-रोड करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, कारण हवा तुम्ही वरचेवर काढणार आणि भरणार. पैसे वाचवा.

जुने टायर. 'एक्स्चेंज'मध्ये एका टायरचे काही शे रुपये लावून चांगला संच ठेवून घेतला जातो. आधी बाहेर त्याचा भाव विचारा.

कोणते शॉर्टकट चालतात, कोणते नाहीत

चालतो: दुसऱ्याने नव्या गाडीवरून काढलेला कंपनीचा संच. दिवाळीनंतर आणि नव्या गाड्यांच्या डिलिव्हरीनंतर असे संच बाजारात येतात. मूळ बिल बघा, पाचही टायर एकाच मापाचे आणि ब्रँडचे आहेत का बघा, बाजूवर फुगा किंवा चीर नाही ना ते हाताने चाचपून बघा.

चालत नाही: रिमोल्ड टायर. डांबरावर कसेबसे चालतात, खडकावर वरचा थर सुटतो. पंक्चरचा प्लग बाजूवर मारलेला टायरही नको; बाजूची दुरुस्ती टिकत नाही.

चालत नाही: बिलाशिवाय 'इम्पोर्टेड' टायर. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आहे, त्यामुळे परदेशी ऑफ-रोड टायर कमी येतात आणि जुना साठा नव्याच्या भावात विकला जातो. टायरवर आयएसआय खूण पाहा. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांपेक्षा जुन्या टायरवर सूट मागा, दोन वर्षांपेक्षा जुना टायर नाकारा.

चालत नाही: मडगार्ड किंवा लायनर कापून चाक मावून घेणे. परत विकताना गाडीची किंमत पडते आणि कापलेल्या कडेला गंज धरतो.

कुठे, कधी, किती वेळ

साध्या मापासाठी टायर कंपनीचे अधिकृत दुकान बरे: बिल नीट, वॉरंटी सरळ. रिमसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. भाव मिळतो, पण भारक्षमतेचा शिक्का तुम्हालाच तपासावा लागतो. ऑनलाइन घेतले तर फिटिंग कोण करणार आणि डॉट तारीख कोणती येणार, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

साठ्यातले माप असेल तर पाच चाकांचे काम दोन ते तीन तासांत होते. मागवायचे असेल तर एक-दोन आठवडे धरा. सहलीच्या आदल्या दिवशी टायर बसवू नका. पहिले २००-३०० किलोमीटर सांभाळून चालवा, कारण नव्या टायरची पकड हळूहळू येते. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळून घ्या. या कामाचे वेगळे पैसे लावू नयेत, आधीच ठरवा.

गाडी ताब्यात घेण्याआधी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पुढे-मागे घ्या. मग एक चाक उंचवट्यावर चढवून तेच करा. लायनर, ब्रेकची नळी किंवा चासिस कुठेही घासत असेल तर दुकानातच सांगा. बिलावर माप, ब्रँड, पाचही टायरचे क्रमांक आणि जीएसटी क्रमांक हवा. दर ८ ते १० हजार किलोमीटरनंतर स्टेपनी धरून पाचही चाकांची अदलाबदल करा. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण चिखलात त्याच्या बरीच आधी पकड जाते.

सगळ्यात स्वस्त सुधारणा : हवा

नवे टायर घेण्याआधी ३,००० ते ८,००० रुपयांचा कॉम्प्रेसर, प्रेशर गेज आणि पंक्चर किट घ्या. खडीच्या वाटेवर हवा स्टिकरपेक्षा २० ते २५ टक्के कमी करा, चिखलात १८ ते २० पीएसआय, मऊ वाळूत १५ ते १८. त्याखाली जाऊ नका. डांबराला लागण्याआधी हवा पूर्ववत भरा. कमी हवेवर वेगाने चालवलेला टायर तापून फुटतो. ज्या वाटेवर तुम्हाला मोठे टायर हवेसे वाटतात, तिथे मूळ एटी टायर कमी हवेवर आधी चालवून बघा. अनेकांचा खर्च इथेच वाचतो. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर गाडी घालू नका. तिथला दंड या हिशेबात धरलेला नाही.

फसवणूक झाली तर

जुना टायर नवा म्हणून दिला, चुकीचे माप बसवले, वॉरंटी नाकारली, तर आधी दुकान आणि कंपनी दोघांना बिल आणि फोटोसह ईमेल करा. आठवड्यात उत्तर नाही आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरीही दाद नाही मिळाली तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिल आणि टायरचे क्रमांक मात्र हातात असायला हवेत. म्हणून 'बिलाशिवाय दोन हजार कमी करतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा.